डावीकडची जागा

लिफ्टवालीने घरातच, पार्लरमध्ये उभं असतं तसं, व्हिडिओ गेमचं कपाट बांधायला घेतलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने नुसता कपाळाला हात लावला. एरवी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि सुट्टीतही हातात पाना, हा बायकोचा खाक्या त्याला ठाऊक होता.

सांगाडा उभा राहिला, पडदा बसला. घोडं अडलं ते जॉयस्टिकपाशी. नवीन आणलेल्यांपैकी एक फारच सैल, दुसरी इतकी कडक की मनगट भरून यावं. शेवटी एका बंद पडलेल्या गेम पार्लरच्या भंगारातून तिने जुनी उचलली. हाताला ती अशी बसली की लिफ्टवाली हरखूनच गेली.

पडद्याखालच्या फळीच्या मधोमध तिने ती बसवली. पण हात काढला की दांडा हळूच डावीकडे कलायचा. स्प्रिंग थकली असणार, म्हणून तिने नवी घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग स्विच बदलले. दांड्याभोवतीची चौकोनी भोकाची चकती काढून अष्टकोनी भोकाची लावली. दांडा बदलला, वरचा गोळाही बदलला. जुन्यातलं म्हणावं असं काही उरलंच नाही, तरी कल काही जाईना.

"अगं, फळीच तिरकी असेल," नवरा म्हणाला.

तिने फळीवर सपाटी मोजायची लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. मग तिने अख्खी जॉयस्टिक डावी बाजू उजवीकडे येईल अशी फिरवून बसवली. आतला दोष असता तर आता दांडा उजवीकडे जायला हवा होता. दोघं बघत राहिले. दांडा क्षणभर सरळ उभा राहिला आणि सावकाश डावीकडेच झुकला.

अंधाऱ्या लिफ्टच्या खड्ड्यात बिनधास्त उतरणारी बाई ती, पण तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"ही बिघडलेली नाही रे," ती म्हणाली. "हिला कोणीतरी ओढतंय."

"कोण?"

"जो इथे डावीकडे उभा आहे तो. त्याला खेळायचंय."

नवरा हसला. हसता हसता त्याने आपली खुर्ची मात्र उजवीकडे सरकवली.

लिफ्टवालीने फळीला डावीकडे आणखी एक भोक पाडलं, बाजूला एक बटण लावलं आणि ती नापसंत केलेली कडक जॉयस्टिक तिथे बसवली. तारा जोडून होताच मधली ताठ उभी राहिली. लिफ्टवालीने खेळ सुरू केला. पडद्यावर तिच्या खेळाडूशेजारी दुसरा उगवला. डावीकडून खटखट आवाज येऊ लागला. तिथे तर कोणीच नव्हतं.

"बंद कर ते!" नवरा ओरडला.

पण डाव अर्ध्यावर सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती खेळली, चुरशीने खेळली आणि थोडक्यात जिंकली. डावीकडचा दांडा खाडकन मध्ये येऊन थांबला, एखाद्याने रुसून हात सोडावा तसा. लिफ्टवालीला उगीचच वाईट वाटलं.

तिने घसा खाकरला. "पुन्हा?" तिने रिकाम्या जागेला विचारलं.

डावीकडचं बटण हळूहळू आत गेलं.