खालचा हॉल

दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी नितेश परबच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवरच्या त्या दोन खोल्यांत कुडाळहून आलेले काका-काकू, दोन आत्या, त्यांच्या पिशव्या, पाटावर ठेवलेला वडिलांचा फोटो आणि सतत उकळणारा चहा. वडील, दशरथ परब, पहाटे छातीत कळ येऊन गेले होते. हॉस्पिटलात पोचले तेव्हा काही उरलंच नव्हतं.

त्या दिवसापासून सगळं नितेशने केलं. दाखला आणला, स्मशानात नंबर लावला, नातेवाइकांना फोन केले, भटजी ठरवला, गादीवाल्याकडून भाड्याने गाद्या आणल्या. डोकं पुढे केलं, न्हाव्याने ते गुळगुळीत केलं. एकदाही रडला नाही. लोक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. नितेशला ते ऐकून नवल वाटायचं, कारण खंबीर राहायला आधी काहीतरी अंगावर यावं लागतं, आणि त्याच्या अंगावर काही आलंच नव्हतं. दाढ काढल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नाही, तसं त्याचं झालं होतं. बायको रुचिरा रात्री हळूच विचारायची, बरा आहेस ना? तो म्हणायचा, हो. खोटंही नव्हतं ते.

त्या दुपारी नंदकिशोर काकाने तेराव्याचा विषय काढला. पानावर काय काय वाढायचं ते ठरत होतं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. मग काका म्हणाला, "आणि एक क्वार्टर घेवन ये रे नितेश. त्याच्या आवडीचा ठेवूक व्हया." दशरथ रोज संध्याकाळी नाक्यावरच्या बारमध्ये जायचे हे गावापर्यंत ठाऊक होतं. मयताच्या दिवशीही आत्या कुजबुजली होती की दारूनेच नेला, आणि नितेशने मान हलवली होती. आई, प्रेमा, कोपऱ्यात डाळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. या दारूवरून तिने नवऱ्याशी जन्मभर भांडण केलं होतं, आता कोणाशी करणार?

पाचच्या सुमाराला सर्वेश आणि आकाश खाली येऊन उभे राहिले. तिघं नवघरच्या शाळेपासूनचे. सर्वेश एसी दुरुस्तीची कामं घ्यायचा, आकाश पालिकेच्या पाणी खात्यात होता. वडील गेल्यापासून दोघं रोज यायचे, नितेशला टपरीपर्यंत न्यायचे, चहा पाजायचे आणि आणून सोडायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. सर्वेश क्रिकेटचं काहीतरी सांगायचा, आकाश कुठल्या गल्लीत पाण्याची बोंब आहे ते सांगायचा. नितेशला तेवढं पुरायचं.

आज तो म्हणाला, मला क्वार्टर घ्यायची आहे, तेराव्याला. मग तिघं चालू लागले. कोपऱ्यावर वडे तळत होते. सर्वेशने स्वतःला आणि आकाशला वडापाव घेतले आणि नितेशला उसाचा रस घेऊन दिला, कारण नितेशने तेराव्यापर्यंत बाहेरचं खायचं नाही हे सर्वेशच्या आईने त्याला बजावून सांगितलं होतं. नितेशने रस संपवला आणि स्वतःच पुढे होऊन एक वडापाव घेतला. सर्वेशने आकाशकडे पाहिलं. आकाशचं घर बौद्ध, त्याच्याकडे सुतक नाही, तेरावं नाही, पण तोच जास्त अवघडला.

"घरी कळलं तर काकूंना वाईट वाटेल रे," तो म्हणाला.

नितेशने खाऊन टाकला. जीभ भाजली, त्यावरून वडा गरम होता एवढं कळलं. मग दुसरा घेतला, कारण पहिला खाल्ला की नाही ते नीट लक्षात येईना. दोघं मित्र हातातले वडे धरून त्याच्याकडे बघत राहिले.

वाइन शॉपवर गर्दी होती. नितेश थांबला नाही, तसाच पुढे सुप्रभा बारकडे वळला. हा त्यांचा नेहमीचा बार. वर एसी हॉल, खाली पंख्यांचा हॉल आणि दोन्हींच्या मधे अरुंद जिना. दर शनिवारी हे तिघं वर बसायचे आणि त्याच वेळी दशरथ खाली बसलेले असायचे. ही गोष्ट बाप-लेक दोघांनाही ठाऊक होती आणि दोघांनीही ती कधी काढली नाही. नितेश आत शिरताना डावीकडे बघायचा नाही, दशरथ दाराकडे पाठ करून बसायचे. वेटर भास्कर दोघांना सांभाळायचा. एकदाच काय ते बाप-लेक समोरासमोर आले, खालच्या बेसिनपाशी. दशरथ हात पुसत होते. म्हणाले, "नळ नीट बंद कर, गळता तो." आणि गेले. नितेशने वर येऊन ते सांगितलं आणि तिघं पोट धरून हसले होते.

आज नितेश जिन्यापाशी थांबला आणि म्हणाला, खाली बसू.

खालच्या हॉलमध्ये तुरळक माणसं होती. मागच्या बाजूला, भिंतीलगतच्या टेबलावर दोन म्हातारे बसले होते. एक शिवदास वानखेडे, दशरथांबरोबर भांडुपच्या औषध कंपनीत पॅकिंगला होते. दशरथ आधी ज्या गिरणीत होते ती बंद पडल्यावर त्यांना तिथे वानखेड्यांनीच चिकटवलं होतं. दुसरे नंदकुमार साळसकर, रिटायर पोस्टमन. दोघंही स्मशानात मागे उभे होते आणि कोणाला न भेटता निघून गेले होते. मुंडण केलेला नितेश आत आलेला दिसताच साळसकरांनी समोरची बोंबलाची प्लेट वर्तमानपत्राखाली सरकवली. वानखेडे उठून उभेच राहिले.

"बसा काका," नितेश म्हणाला. "खा तुम्ही."

भास्करने दोन टेबलं जोडली. पंखा नेमका नितेशच्या डोक्यावर होता आणि उघड्या टाळूला वारा गार लागत होता. सर्वेश आणि आकाश कडेला बसले. काय मागवायचं ते कोणाला सुचेना. शेवटी नितेशनेच मागवलं: स्वतःला बियर, मित्रांना त्यांचं नेहमीचं, आणि बोंबील. वानखेड्यांनी एकदा त्याच्या डोक्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही. थोडा वेळ साळसकरांच्या गुडघ्यावर आणि वानखेड्यांच्या नातवाच्या अॅडमिशनवर बोलणं झालं. दशरथांचं नाव कोणी घेईना.

मग नितेशने कामाचं विचारलं. तेराव्याच्या पानावर ठेवायची आहे, तर बाबा कुठली घ्यायचे?

साळसकरांनी वानखेड्यांकडे बघितलं. वानखेडे ग्लास खाली ठेवून म्हणाले, "तो घेत नव्हता."

नितेशला वाटलं, आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतायत. पण साळसकरही तेच म्हणाले. दशरथांना मागे एकदा चक्कर आली होती, तेव्हा वानखेडेच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले होते. डॉक्टरने दारू बंद सांगितली आणि दशरथांनी त्याच दिवशी बंद केली. त्याला आता तीन दिवाळ्या होऊन गेल्या. तेव्हापासून ते इथे यायचे, लिंबू सोडा घ्यायचे, उकडलेलं अंडं खायचे आणि सात वाजले की उठायचे. भास्करला विचारलं, तर त्याने मान डोलावली. वरच्या मजल्यावर मात्र हे त्याने कधी नेलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाही?" सर्वेशने विचारलं. नितेशने विचारायला हवं होतं, पण तो बोंबलाचा काटा बाजूला काढत होता.

वानखेडे सावकाश बोलले. "मी म्हटलं होतं त्याला, घरी सांग म्हणून. वहिनींना बरं वाटेल. तर म्हणाला, सांगितलं तर इथे यायला काय तोंड राहील? प्यायला जातो म्हटलं की बायको भांडते, पण सोडते. नुसता बसायला जातो म्हटलं तर विचारेल, घरात बसायला काय झालं? त्याला काय उत्तर देऊ?" त्यांनी ग्लास बाजूला सरकवला. "दोन खोल्या, तुम्ही नवरा-बायको, तुमची पोरं. संध्याकाळी सगळे घरी येता. तो म्हणायचा, मी बाहेर असलो की पोरांना अभ्यासाला माझी खाट मिळते."

आकाशने तोंड फिरवलं आणि रुमाल काढला. सर्वेश टेबलावरचं पाणी बोटाने पुसत बसला. साळसकरांचेही डोळे भरले होते. त्या टेबलावर एकट्या नितेशच्या चेहऱ्यावर काही हाललं नाही. त्याने ऐकलं, समजलं, त्याला सगळं खरं वाटलं. मयताच्या दिवशी आपण मान हलवली होती, हेही आठवलं. आता काहीतरी होईल म्हणून तो वाट पाहत राहिला. झालं काहीच नाही. बोंबील संपला होता. त्याने भास्करला एक उकडलेलं अंडं सांगितलं, मीठ-मिरी लावून खाल्लं आणि उठला.

घरी जाताना त्याने वाइन शॉपवरून क्वार्टर घेतली. कुठली ते बघितलंही नाही. सर्वेश म्हणाला, आता कशाला? नितेश म्हणाला, काकाने सांगितलीय ना.

आईला त्याने रात्रीची जेवणं व्हायच्या आधी गाठलं. ती मोरीशी एकटीच होती. तोंडाला बियरचा वास होता, तो तिला आला. नितेशने दारातच सगळं सांगून टाकलं, निरोप सांगावा तसं. ती ऐकत राहिली. हातातलं पातेलं तिने पालथं घातलं.

"मगे थंय काय खाय?" तिने विचारलं.

"उकडलेलं अंडं. लिंबू सोडा."

"वास येय नाय," ती म्हणाली. "माका वाटला बडीशेप खाता." मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तरी मी त्याच्याशी भांडय. आणि तो गप बसान ऐकी."

एवढं बोलून ती आत गेली आणि पाहुण्यांची ताटं घेऊ लागली.

तेराव्याला पान वाढलं. वडे, उसळ, खीर, सगळं काकूच्या देखरेखीखाली. नंदकिशोर काकाने पिशवीतून क्वार्टर काढून पानाच्या उजव्या बाजूला ठेवली. माणसं दाटीवाटीने उभी होती. प्रेमा पुढे आली, वाकली आणि बाटली उचलून तिने काकाच्या हातात परत दिली.

"वयनी, त्याच्या आवडीचा…"

"त्याका नको हुती," ती म्हणाली.

काका गोंधळून नितेशकडे बघू लागला. नितेशने तिथे सगळ्यांना समजावून सांगायला हवं होतं, पण त्याला शब्द जुळवायचा कंटाळा आला. तो एवढंच म्हणाला, की आई म्हणते तसं करा. आत्यांनी एकमेकींकडे बघितलं. रुचिरा मात्र सासूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिला आदल्या रात्री नितेशने सांगितलं होतं आणि ती अंधारात बराच वेळ जागी होती.

पाहुणे आपापल्या गावी गेले. गाद्या परत गेल्या. डोक्यावर खुंट आले. नितेश कामावर जायला लागला. शनिवारी तो सुप्रभाला जायचा, आधी खाली थोडा वेळ वानखेडे आणि साळसकरांबरोबर बसायचा. तिथे दशरथांचा विषय निघायचा नाही. पेन्शनचं बोलणं निघायचं, मोतीबिंदूचं निघायचं. मग तो वर मित्रांकडे जायचा. सर्वेशने एकदा विचारलं, खाली बसून बरं वाटतं का? नितेशने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, माहीत नाही रे, बसतो एवढंच. आकाशने सुचवलं, ऑफिसात एक जण आहे, त्याला एका डॉक्टरांचा गुण आला, बोलून बघतोस का? नितेशने नंबर घेतला. लावलेला नव्हता अजून, पण खोडलाही नव्हता.

एका शनिवारी वर बसून सुरमई खात असताना त्याच्या घशात काटा अडकला. तो खोकला, भाताचा गोळा गिळला, पाणी प्यायला, पुन्हा खोकला. काटा सुटला, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि नाकही वाहू लागलं. सर्वेश क्रिकेटचं काहीतरी सांगत होता. तो बोलता बोलता थांबला. खुर्ची जवळ ओढून त्याने नितेशच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "येऊ दे. येऊ दे, भावा." पलीकडून आकाशने टिश्यू पेपरचा गठ्ठा पुढे केला आणि भास्करला हाताने खूण केली, आता इकडे येऊ नकोस.

काटा होता, असं नितेश सांगणार होता. पण सर्वेशचा हात पाठीवर जड आणि गरम होता, आणि बऱ्याच दिवसांत असं काही त्याला इतकं नीट जाणवलं नव्हतं. त्याने टिश्यू घेतला आणि डोळे पुसले. सर्वेशने हात काढला नाही. समोरची सुरमई थंड होत गेली.