सिग्नलबाबाचं यंत्र आणि टिनाची कोठी

"तीनाचे एक्केचाळीस! बापा, तीनाचे एक्केचाळीस झाले जी!"

लाखनीतला अर्धा मोहल्ला मनकर्णाबाईंच्या घरात घुसला होता. शेजारचा घनश्याम मोबाइल उंच धरून इंटरनेटचा वेग दाखवत होता आणि बाया हात जोडत होत्या. मधोमध पाटावर भुपेंद्रमहाराज ऊर्फ सिग्नलबाबा. राउटरला चिकटवायची तांब्याची पत्री, म्हणे यंत्र, दक्षिणा अकराशे.

मनकर्णाबाईंच्या हर्षाची दुसऱ्या दिवशी अकराला नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. घरचं नेट सारखं तुटायचं, म्हणून ती नागपूरला मावशीकडे निघाली होती. आईने तिची बॅगच काढून घेतली.

"महाराजानं घरातच सोय करून देली. आता कायले जातेस व?"

"राउटरच्या डब्यात गुप्त लहर असते," महाराज डोळे मिटून बोलले. "कंपनीवाले सांगत नाहीत. यंत्राने ती जागते. मनात शंका आली की झोपते! आता डबा परत त्याच्या आसनावर, कोठीमागे ठेवा."

ते शंकेचं वाक्य मी ओळखलं. तीस वर्षांपूर्वी याच माणसाचं मोहाडीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. बटणं ठरावीक क्रमाने अकरा वेळा दाबली की पडद्यावर 'काळा पहिलवान' येतो, असं तो पोरांना सांगायचा. पहिलवान कधी आला नाही. "तुझ्याच मनात शंका होती," म्हणायचा आणि पोरं पुन्हा नाणी टाकायची.

मी वाचनालयातला निवृत्त कारकून. चारचौघांत माझी जीभ उचलत नाही. वायफायबद्दल एक पुस्तक वाचलं होतं. पण वाचलेलं आपल्याला समजलं असेलच, याची मला कधी खात्री नसते. तरी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती. 'शुद्धी' म्हणून महाराजांनी राउटर धानाच्या टिनाच्या कोठीमागून काढला, वायरीचं भेंडोळं सोडलं, एकवीस श्वास तो बंद ठेवला आणि मधल्या खोलीत उंच फळीवर मांडून चालू केला. यंत्र त्यानंतर चिकटवलं. आता तो परत कोठीमागे गेला, तर उद्या हर्षाचं काय?

"महाराज... यंत्र काढून पाहायचं का?"

"या बुढ्याले काय समजते? पुस्तकांची धूळ झाडत जिंदगी गेली!" गर्दीतून कोणी म्हणालं.

सगळे हसले. मी मान खाली घातली.

"थांबा जी," हर्षा उठली. "मुलाखत माझी आहे." तिने पत्री सोलून माझ्या हातात दिली. "घनश्यामदादा, आता वेग पाय."

"एक्केचाळीस."

मग तिने राउटर कोठीमागे ठेवला आणि पत्री पुन्हा चिकटवली.

"तीन," घनश्याम पुटपुटला.

"शंका घेतली, म्हणून—"

"शंका तर मघाबी होती जी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मग एक्केचाळीस कसे आले?"

महाराजांनी पिशवी उचलली.

आमच्याकडे घरोघरी हीच चूक. पोरांनी हात लावू नये म्हणून राउटर कोठीमागे दडवतात. कोठीचा पत्रा लहरी अडवतो. राउटर मोकळ्या, उंच जागी, घराच्या मधोमध ठेवा. अडला तर बंद करून चालू करा. वायर पुरली नाही तर थोडी लांब घ्या. यात गुप्त काही नाही.

दुसऱ्या दिवशी राउटर फळीवर ठेवून हर्षा घरूनच चाळीस मिनिटं बोलली, एकदाही न तुटता. नोकरी मिळेल की नाही, ते तिच्या उत्तरांवर.

चमत्कार दाखवणारा एका वेळी चार गोष्टी बदलतो आणि श्रेय पाचवीला देतो. ती पाचवी काढून पाहा. मी घाबरत विचारलं, तरी पुरलं. तुम्ही न घाबरता विचारा.