टबातलं तांबडं पाणी

साहेब, ते टब तुमच्या हुकमाने आमच्या कापड रंगवायच्या रंगशाळेत आले. दवाखान्यातली पायांची तपासणी बंद झाली तीही तुमच्याच हुकमाने. उगाच कारखान्याच्या समितीकडे बोट दाखवू नका. समितीत तुम्ही सोडून बाकीचे माना डोलवायला बसतात, हे झाडूवाल्यालाही ठाऊक आहे.

पहिला दिवस आठवतो? जेवणघरातली बाकडी भिंतीला लावली होती. आत जागा नाही म्हणून खिडक्यांतून माणसं डोकावत होती. मधोमध खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे कोमट पाण्याचा टब, त्यात दोन दांड्या बसवलेलं एक विजेचं डबडं. पांढरा कोट घातलेले गुरुजी माइक घेऊन हिंडत होते. पुढे आम्ही त्यांना घासणीबुवा म्हणायला लागलो, पण तेव्हा सगळे हात जोडून उभे होते. साखरेने रक्तवाहिन्या आतून कशा चिकट होतात, मोरीच्या पाइपासारख्या कशा तुंबतात, हे त्यांनी असं रंगवलं की ऐकणाऱ्याला स्वतःचाच वास यावा. मग म्हणाले, सुई नाही, गोळी नाही, नुसते पाय सोडून बसा, घाण आपल्या पायाने चालत बाहेर येईल.

टबात मूठभर सिद्ध मीठ पडलं, वर पांढरं फडकं आलं आणि पहिलं बटण तुम्ही दाबलंत. थोड्या वेळाने बुवांनी जादूगारासारखं फडकं उचललं. पाणी तांबडं झालं होतं, वर मळकट फेस. शिलाईखात्यातली मावशी रडायलाच लागली. एवढं सगळं अंगात घेऊन मी हिंडत होते का, म्हणाली.

बाहेरचा माणूस कदाचित फसला नसता. आम्ही फसलो, कारण आमचं पोटच पाण्याच्या रंगावर चालतं. रंगवलेलं कापड धुताना आम्ही कापडाकडे बघत नाही, पाण्याकडे बघतो. पाणी रंगीत येतंय तोवर आत काही बाकी आहे, नितळ आलं की काम झालं. ही सवय हाडात मुरलेली. टबातलं पाणी बघून शंका घ्यायची तर आधी स्वतःच्या धंद्यावर घ्यायला हवी होती.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, हौदावरचा जुना रंगारी. साखर बरीच वर्षं. फाटकापासून हौदापर्यंत येताना तो मध्येच थांबायचा, आणि कुणाला कळू नये म्हणून बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचा. डाव्या अंगठ्याला बूट लागून जखम झाली होती, ती भरत नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला दारातच गाठलं.

"दुखत नाही हो बाई," दादा म्हणाला.

"दुखत नाही म्हणूनच बोलावतेय. साखरेने नसा बधिर झाल्या की पाय ओरडत नाही, दादा. आत रक्त पोचतंय का, ते आपणच जाऊन बघावं लागतं."

ती तपासणी तरी केवढी? मोजे काढायचे. पावलावर आणि घोट्यामागे बोटं ठेवून ठोका शोधायचा. दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून दोन्हीकडचा दाब ताडून बघायचा. साखरवाल्यांच्या रक्तवाहिन्या कधी कधी इतक्या कडक होतात की घोट्याचा आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून शंका आली तर अंगठ्याचा दाबही बघायचा. बाई दरवर्षी साखर असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी करायच्या. त्या वर्षी त्यांचं दाब मोजायचं यंत्र कपाटात गेलं आणि खोलीत टब रचले गेले. मोठ्या इस्पितळात तरी जा, असं त्यांनी दादाला बजावलं. दादा म्हणाला, टबाच्या बैठका संपल्या की जातो.

वहिनी रोज भांडायची. अंगठा काळा पडत चाललेला तिला दिसत होता. तिने बुवांना जाऊन विचारलं, तर ते म्हणाले, उत्तम लक्षण आहे, घाण खाली उतरतेय. अंगठ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते कधीच पायाकडे बघत नसत. पाण्याकडे बघत, आमच्यासारखेच.

वास यायला लागला तेव्हा वहिनीने कुणाचं न ऐकता दादाला इस्पितळात नेलं. तिथल्या सर्जनने पेनाएवढी नळी पावलावर टेकवली. रक्त वाहत असलं की तिच्यातून फुसफुस आवाज येतो. पावलावर काही नाही. घोट्यामागे काही नाही. खोलीतले सगळे श्वास धरून ऐकत होते. गुडघ्यामागे एकदाचा आवाज आला. आधी आणलं असतं तर रक्ताची वाट मोकळी करून बघितली असती, सर्जन म्हणाले. डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

दादा काठी टेकत परत आला, तेव्हा बुवांचं पुढचं शिबिर लागलं होतं. मला टबात बसायचंय, तो म्हणाला. डोकं फिरलंय का, उरलेला एक तरी ठेवा, असं म्हणत वहिनीने त्याची काठीच काढून घेतली.

"तोच तर ठेवतोय," दादा म्हणाला.

तो खुर्चीत बसला. उजवा बूट पायातच. नव्या नकली पायाचं रबराचं डावं पाऊल त्याने स्वतःच फडक्याखाली टबात सरकवलं. आमच्यातल्यांना दिसलं, पण कुणी ब्र काढला नाही. बुवांनी बटण दाबलं, माइकवर पाल्हाळ लावलं आणि वेळ झाल्यावर फडकं उचललं. तांबडं पाणी, वर फेस.

"वा काका," बुवा म्हणाले, "एका पायात एवढी घाण. दुसरा घातला असतात तर टब पुरला नसता."

दादाने विजार वर ओढली, पट्टे सोडले आणि तो पाय टबातून उचलून मांडीवर घेतला. पाणी ठिबकत होतं.

"बुवा, हा पाय कारखान्यातून नुकताच आलाय. याला साखर कधी झाली?"

कुणीतरी हसलं. डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांनी नवा टब घेतला, ताजं पाणी, तेच मीठ, त्याच दांड्या. फडकं नाही, पाय नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी तांबडं होत गेलं. दांड्या लोखंडी आहेत, मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की लोखंड गंजून पाण्यात उतरतं, तुमच्या अंगातलं यात काही नाही, असं त्यांनी सांगितलं. बुवा म्हणाले, हे खोलीतल्या माणसांच्या लहरींनी झालं. मग सगळ्यांना बाहेर काढू आणि दाराच्या काचेतून बघू, बाई म्हणाल्या. तेव्हा माइक बंद झाला.

पण मला बरं वाटायचं हो, हौदावरचा एकजण पुटपुटला. कोमट पाण्यात पाय सोडल्यावर कुणालाही बरं वाटतं, बाई म्हणाल्या. मग शिलाईतल्या मावशीने न सांगता मोजे काढले. बाईंची बोटं तिच्या पावलावर गेली, घोट्यामागे गेली, परत पावलावर आली. थांबली, पुन्हा सरकली. "यंत्र लागेल," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि इथे ऐकत बसलेल्या दोस्तांनो, पुढचा बुवा टब आणणार नाही, दुसरं काही आणेल. त्याला एवढंच विचारा की माझा पाय न घालता हे करून दाखव. आणि साखर असेल तर पाण्याकडे नको, पायाकडे बघा. दुखायची वाट बघू नका, जाऊन तपासून घ्या.

आणि साहेब, यंत्राच्या कपाटाची किल्ली अजून तुमच्याच खिशात आहे. मावशी रोज विचारते. साखर तुम्हालाही आहे. तुमचा चहा बिनसाखरेचा जातो, हे सगळ्या रंगशाळेला माहीत आहे. त्या दिवशी बटण तुम्ही दाबलंत, समोर टब भरलेला होता, खुर्ची रिकामी होती. मग तुम्ही बूट का नाही काढलेत? उत्तर द्या.