दहा वावरांची तूर

पौर्णिमाचं डोकं पार फिरून गेलं होतं. तुरीला मर आणणाऱ्या बुरशीचा डीएनए तपासायला म्हणून ती दोन महिन्यांसाठी वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेत शिकायला आलेली. रोहणा गावच्या दहा वावरांतली वाळलेली झाडं, दहा पिशव्या, दहा चिठ्ठ्या. आणि दहाही बुरशींच्या डीएनएच्या पट्ट्या तंतोतंत एकसारख्या! अहो, एखादी तरी वर-खाली नको का? नाही म्हणजे नाही.

एकदा केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा तर हातमोजे नवे, पाणी नवं, सगळं नवं. तरी तेच. मशीन बिघडलं म्हणावं, तर शेजारच्या वर्षालीचं काम त्याच मशीनवर सुरळीत चाललेलं. मग आपणच एका नळीतलं दहा नळ्यांत ओतलं की काय? तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला.

प्रयोगशाळेच्या धनंजय सरांनी तर निकालच लावून टाकला. “हात घाण आहे तुझा. सोमवारपर्यंत चूक सापडली नाही, तर घरी बस.”

झालं! रविवारी तिनं रोहण्याची एसटी धरली. झाडं तिथल्या तिच्या बापूराव मामांनी काढून दिली होती. ती नमुने घ्यायला गेली त्या दिवशी मामीनं तिला जेवायला बसवलं, आग्रह करकरून वाढलं, आणि ती हात धुऊन येईस्तोवर ओसरीवर पिशव्या तयार.

“मामा, कोणाकोणाच्या वावरातली होती ती झाडं?”

“कोणाच्या म्हंजे? आपल्याच. धुऱ्यापासची, बांधालगतची.”

“दहाही?”

“मंग! घरी इतकी मर लागली असताना लोकायच्या दारात मागाले काऊन जाऊ? निवडून निवडून देली तुले. एकबी हिरवं झाड घातलं नाई.”

पौर्णिमाला हसूच फुटलं. हात चांगला होता! एका वावरातली एकच बुरशी तिनं तिन्ही वेळा बरोबर ओळखली होती. आनंदाच्या भरात ती मामांच्या पाया पडली. आणि वाकल्या वाकल्याच तिला प्रयोगशाळेत भरून दिलेला फॉर्म आठवला. ‘नमुने मी स्वतः दहा शेतांतून गोळा केले.’ खाली तिचीच सही.

आता सांगावं तरी काय? तिला काही सुधरेना. तेवढ्यात सरांचाच फोन.

“सापडली चूक?”

“सापडली सर. हात चांगला आहे माझा. पण वावरात मी गेलेच नव्हते. सही खोटी केली.”

मामा जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “सांग ना साहेबाले, अजून झाडं लागली तं भरपूर पडली आहे वावरात.”