आखाजीपुरती बंद

सुनेनं ताटात तशीच ठेवलेली ज्वारी-उडदाची अर्धी भाकर तानुबाईंनी म्हशीपुढं टाकली, आणि बोलल्या त्या शेजारच्या लताबाईला ऐकू जाईल अशा आवाजात.

“कळण्यानी भाकर, वर लोणी. म्हैसले आवडस, मन्ही वहूले आवडत नही!”

दीपमाला मोरीशी भांडी घासत होती. तिनं हातावर घसरलेल्या बांगड्या तेवढ्या कोपरापर्यंत मागं सारल्या.

लताबाई भिंतीवरून डोकावली.

“पोर पार सुकाई गयी व अक्का. आखाजीले माहेर जाई, तव्हय तिनी माय काय म्हनी?”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी जायचा सण. बोलणं लागायचं तिथं लागलं. तानुबाईंच्या ओट्यावरून कधी कुणी उपाशी उठून गेलं नव्हतं. मागल्या साली कपाशीच्या शेतात दीपमालाला फिट आली. नवऱ्यानं, ललितनं, तिला धुळ्याला दवाखान्यात नेलं, तेव्हापासून गोळी चालू होती. फिट पुन्हा आली नाही, पण भूक गेली. अंगावरचं मांसही गेलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, “या गोळीनं वजन उतरतं. उतरलं तर मला येऊन सांगा, पण गोळी मनानं बंद करू नका.” तानुबाईंनी तेव्हा मान हलवली होती. पण डॉक्टरांना कुठं व्याह्यांना तोंड दाखवायचं होतं?

संध्याकाळी त्यांनी कोनाड्यातलं गोळ्यांचं पाकीट उचललं आणि उडदाच्या डाळीच्या डब्यात खोल खुपसलं.

“आखाजीपुरती बंद. माहेरहून उनी का मंग घेजो.”

“आत्या, डॉक्टर म्हने...”

“डॉक्टर काय आपला घर जेवाले येस का?”

दीपमालानं डब्याकडं पाहिलं आणि कणीक मळायला घेतली. त्यानंतर ती खरंच जेवू लागली. एकदा तिनं स्वतःहून वरण मागून घेतलं, तर तानुबाईंनी ही गोष्ट गल्लीत घरोघर सांगितली. ललित दीपनगरला नोकरीवर होता. त्याला मात्र फोनवर कुणी काही बोललं नाही.

आखाजीच्या सकाळी दीपमालाचा भाऊ किरण तिला न्यायला चाळीसगावहून आला. तो ओट्यावर चहा पीत होता. आत चुलीवर मातीचं खापर पालथं तापलं होतं. पुरणाची पोळी लाटण्यानं नाही, हातावर वाढवायची, ही या घरची रीत. तानुबाईंनी ती सुनेच्या हातांना शिकवली होती. दीपमालानं पोळी या हातावरून त्या हातावर घेत कोपरापर्यंत वाढवली, खापराकडं वळली आणि थांबली.

डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. डावा हात झटकन उडाला, पुन्हा उडाला. पोळी फाटली, पुरण निखाऱ्यांवर सांडलं, आणि ती हळूहळू चुलीकडं कलू लागली.

तानुबाईंनी हाक मारली नाही. कमरेला हात घालून तिला मागं ओढलं आणि पाटावर टेकवून धरून ठेवलं. तळहाताखाली तिची एकेक बरगडी लागत होती. घरभर जळक्या गुळाचा वास पसरला.

थोड्या वेळानं दीपमालाच्या पापण्या हलल्या.

“आत्या... पोळी कसी पडनी?”

“मन्हा धक्का लागना.”

त्यांनी हात धुतले. डब्यात कोपरापर्यंत हात घालून पाकीट बाहेर काढलं, पदरानं पुसलं. मग ओट्यावर जाऊन किरणला म्हणाल्या,

“ललितले फोन लाव. सांग, आईनी गोयी बंद करी व्हती. डॉक्टरले इचार म्हना, आते काय करानं.”

ललितचा उलटा फोन आला. आधी धुळ्याला आणून दाखवा, मग माहेरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. किरणनं गाडी दारात लावली. बहिणीचं मनगट हातात घेऊन तो म्हणाला,

“ताई, किती बारीक झाली गं.”

लताबाई भिंतीशी येऊन उभीच होती. तानुबाईंनी पाकीट सुनेच्या पिशवीत घातलं, तिची निसटलेली बांगडी मनगटावर नीट बसवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“माहेरना बायका इचारतीन. सांगजो, सासू पोटभर खावाले देत नही. पन गोयी चुकाडी, ते मन्हा चुलाजोडे परत येऊ नको.”