खूण न ठेवणारा खोडरबर

मी एक जुना खोडरबर आहे, मित्रांनो, आणि आता एवढासाच उरलोय की चिमटीतही धड धरता येत नाही.

कारखान्यात लांबलचक पट्टी कापून माझ्यासारखे शेकडो तयार झाले. पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने मला विकत घेतलं. पाटीवर आधी पेन्सिलीने अक्षरं आखायची आणि चुकली की मला हाक. "हा पुसतो ते पुसतोच, मागे खूण म्हणून ठेवत नाही," असं ते चारचौघांत सांगत आणि मी फुशारून जाई. शिडीवरून पडून त्यांच्या डाव्या भुवईत कायमची खाच पडली, तेव्हाही मी त्यांच्या खिशात होतो. पुढे पाट्या यंत्रावर छापून येऊ लागल्या. मी डब्यात धूळ खात पडलो. तेव्हा फार राग यायचा, पण तिथेच पडून राहिलो असतो तर बरं झालं असतं.

पेंटरकाका म्हातारे झाले, एकटे पडले आणि मला घेऊन वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या चित्रवर्गाला जाऊ लागले. तो वर्ग वयस्क मंडळींसाठी होता. शिकवणाऱ्या ताईंची रीत अशी, की ज्याचं माणूस गेलंय त्याने वर्णन करायचं आणि शेजाऱ्याने चित्र काढायचं. काकांच्या वाट्याला शिवणकामात आयुष्य घालवलेल्या एक आजी आल्या. त्यांचे यजमान ऐन तारुण्यात गेले होते आणि घरं बदलता बदलता फोटोही गहाळ झाले होते. त्यात आता आजींना विसर पडायला लागला होता. तो चेहरा डोक्यातून जायच्या आत कागदावर यावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

आजी चेहराही कपड्यासारखा सांगत. गाल अर्धं बोट आत घ्या, हनुवटी जरा सैल सोडा. काका हसत आणि तसं काढत. एकदा आजींची मुलगी त्यांना न्यायला आली, तिने कागद पाहिला आणि जवळ ओढून घेतला. वडील गेले तेव्हा ती इतकी लहान होती, की त्यांचा चेहरा तिला शब्दांत कधीच सांगता आला नव्हता. पण समोर आल्यावर ओळखता आला. "बाबा," एवढंच ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने फोटो काढायला फोन उचलला, तर आजींनी तिचा हात धरला.

"अर्धवट कामाचा फोटो नको गं. कान अजून बसायचेत. पूर्ण झालं की घे."

मुलीने आईचा शब्द मोडला नाही. फोन पर्समध्ये गेला.

शिवणात उसवलेलं पुन्हा शिवता येतं. आजींना सगळंच तसं वाटत होतं. दर आठवड्याला त्या काहीतरी उसवायला सांगत. आधी कान, मग नाक, मग कपाळ. काकांनी नवा कागद घेऊ म्हणून पाहिलं, पण एवढं जमत आलेलं सोडून पुन्हा पहिल्यापासून कशाला, म्हणून आजींनी मोडता घातला. मी झिजत गेलो. हळूहळू आजींनी डोळे मिटून आठवणं सोडलं. समोर बसलेल्या काकांकडे टक लावून बघत आणि सांगत.

"डाव्या भुवईत खाच होती त्यांच्या," एके दिवशी त्या म्हणाल्या.

काकांची पेन्सिल थांबली. हात आपसूक स्वतःच्या भुवईकडे गेला. "नक्की?" त्यांनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याची भुवई मला ठाऊक नसेल?"

काकांनी खाच काढली. दुसरं काय करणार होते ते?

मुलगी आली तेव्हा आजी कागद छातीशी धरून बसल्या होत्या, कधी नव्हे इतक्या खुशीत. मुलीने चित्र पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. मग कागद खिडकीच्या उजेडात धरून आधीची एखादी रेघ दिसते का ते शोधत राहिली. पण मी माझं काम चोख केलं होतं. काका खाली मान घालून बसले होते.

"अगं, बाबांना ओळखलं नाहीस?" आजींनी विचारलं.

"ओळखलं, आई," ती म्हणाली. या वेळी तिने फोन बाहेर काढला नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, माझ्यात आता जपण्यासारखं काय उरलंय? पण कुणाचा चेहरा खोडायची वेळ आली, तर आधी दुसरा कागद घ्या. माझ्या कडेला पेन्सिलीची थोडी काजळी लागली आहे. त्या गृहस्थांचं या जगात आता तेवढंच शिल्लक आहे. काकांना मात्र मला भिंतीवर घासून स्वच्छ करून ठेवायची जुनी सवय आहे.