अडीच तासांवरचं मस्कत

दत्तारामने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला. फोन खालच्या मजल्यावरच्या कुंदाताईंचा. त्यांनी पंखा बंद केला आणि त्या मुकाट्याने स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"बाबा, पासपोर्ट मालकाकडे आसा," मस्कतहून बाळा रडत सांगत होता. "कपाटात घालून, कुलूप लावन तो विलायतेक गेलो. आठवड्यान येतलो. मी हयच्या सगळ्यांच्या पाया पडलंय, बाबा. कोण ऐकणा नाय."

"तू जेवलस?" दत्तारामने विचारलं. तेवढ्यात लाइन तुटली.

वर, घाटकोपरच्या त्याच्या दोन खोल्यांत, त्याची बायको शेवंती सकाळपासून हिरव्या लुगड्यात निजली होती. बर्फाची लादी दोनदा बदलून झाली होती. सगळे खोळंबले होते ते बाळासाठी, तिच्या एकुलत्या एक लेकासाठी. आणि त्याला यायला वेळ तो कितीसा लागणार, असं सगळेच धरून चालले होते. तसं धरायला लावलं होतं दत्तारामनेच. संपात गिरणी सुटली, त्यानंतर मिरवायला त्याच्याकडे हीच एक गोष्ट उरली होती. मालवणला जायचं तर एस्टीत रात्रभर कंबर मोडून घ्यायची; मस्कत मात्र अडीच तासांवर, वर जेवण फुकट! भेटेल त्याला त्याने हे ऐकवलं होतं. इमारतीतल्या पोरासोरांनाही आता ते पाठ झालं होतं.

तो जिना चढून वर आला. कांदिवलीहून आलेला थोरला भाऊ काशीराम दारातच उभा होता.

"काय म्हणता बाळो? कधी पोचतलो?"

दत्तारामने दाराबाहेर चपला काढल्या.

"सुटलो मा थयसून? मनात आसला तर अडीच तासाचा काय ता!"

मागे चार-पाच माणसं कान देऊन होती. दत्तारामने त्यांच्या तोंडांकडे पाहिलं. मालक, कपाट, कुलूप, यातलं काय पटणार होतं त्यांना? पैशापुढे आई दिसली नाही, असंच म्हणणार होते, आणि उद्या पोराच्या लग्नातही तेच म्हणणार होते.

"येवचो नाय तो," तो म्हणाला. "मीच नको म्हणान सांगलंय. नवी नोकरी आसा. इलो तर जायत ती."

काशीराम त्याच्याकडे बघतच राहिला.

"आवशीचा तोंड बघूक दिलंस नाय? बापूस आसस काय कोण रे तू?"

आत कुणीतरी हुंदका दिला. काशीरामने पाठ फिरवली आणि माणसांना तयारीला लागा म्हणून सांगायला तो खाली उतरला. त्याच्यामागून बाकीचेही गेले, एकानेही दत्तारामच्या खांद्यावर हात ठेवला नाही. त्याला फार एकटं वाटलं. घरातलं काहीही झालं तरी तो आधी शेवंतीला सांगायचा.

तो तिच्या उशाशी जाऊन बसला. बायका बाजूला सरकल्या. तिच्या कानाशी वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, त्याने पासपोर्टचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं, आणि पोराला दोष देऊ नको म्हणाला.